बायकांच्या स्वसंरक्षणाच्या बॅचला यायच्या आधी हे एकदा वाचून घ्या

फोन आला की पहिला प्रश्न जवळपास सगळ्याजणींचा सारखाच असतो, "किती दिवसात शिकून होतं?" आणि दुसरा, "माझं वय झालंय, वजन वाढलंय, शाळा सुटल्यापासून कधी पळलेसुद्धा नाही, मला जमेल का?" दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे, जमेल. एडिथ गॅरुड म्हणून एक बाई होत्या, उंची पाच फुटांच्या आत, १९१३ च्या सुमारास लंडनमध्ये मतदानाचा हक्क मागणाऱ्या बायकांची बॉडीगार्ड तुकडी होती तिला त्या जुजुत्सू, म्हणजे हत्याराशिवाय लढायची जपानी विद्या, शिकवायच्या, आणि तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडलेली होती. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र फोनवर नीट देता येत नाही म्हणून हे पत्रक काढलंय.

आधी एक सांगून टाकतो. मोबाईलवर व्हिडिओ बघून बऱ्याचजणींना वाटतं की इथे हवेत उडून लाथ मारायला शिकवतात आणि समोरचा आडवा. तसलं काही नाही. आम्ही जिंकायला शिकवत नाही, निसटायला शिकवतो. समोरच्याची पकड दोन सेकंद ढिली झाली आणि तुम्ही दाराबाहेर, गर्दीकडे, उजेडाकडे पळालात की झालं काम. त्याला धडा शिकवायला मागे थांबायचं नाही, पहिल्याच दिवशी हे बजावतो कारण पॅडवर चार फटके जोरात बसले की सगळ्यांनाच चेव येतो.

खरा अडसर भीड

अंधारी गल्ली, अनोळखी माणूस, हे चित्र सगळ्यांच्या डोक्यात असतं. असं होतच नाही असं नाही, पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेले आकडे बघा, जगात साधारण तीनातल्या एका बाईने आयुष्यात कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली आहे आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा नवरा किंवा जोडीदाराचा आहे. म्हणजे धोका बहुतेक वेळा ओळखीचा, नाव माहीत असलेला, कधीकधी घरातलाच. आणि ओळखीच्या माणसापुढे हात उचलायचं राहू दे, "जरा लांब बस" एवढं म्हणायलाही जीभ उचलत नाही. त्याला वाईट वाटेल, लोक काय म्हणतील, आपलाच गैरसमज असला तर? भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

म्हणून आमच्या क्लासचा बराच वेळ मारामारीत जात नाही, भीड मोडण्यात जातो. हात छातीसमोर उघडे, तळवे समोरच्याकडे, पाय थोडे मागेपुढे, नजर सरळ आणि पोटातून आवाज, "थांब. मागे हो." एवढंच वाक्य, त्याच्यापुढे कारण द्यायचं नाही, सॉरी म्हणायचं नाही, हसायचं तर अजिबात नाही. ऐकायला पोरखेळ वाटतो ना? पहिल्या दिवशी दहातल्या आठजणींचा आवाज घशातच अडकतो आणि उरलेल्या दोघी हसतात. पॅडवर फटका मारायला कोणी लाजत नाही, ओरडायला लाजतात, इतक्या बॅचेस झाल्या पण हे काही बदललं नाही.

आता हे सगळं खरंच उपयोगी पडतं का, हे विचारायचा तुमचा हक्क आहे. कॅनडात शार्लीन सेन आणि त्यांच्या टीमने कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलींवर याचा अभ्यास केला, तो २०१५ मध्ये छापून आला. एका गटाला १२ तासांचा कोर्स दिला, त्यात ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका ओळखणं, मनातला संकोच बाजूला ठेवणं, आवाजाने आणि अंगाने विरोध करणं, सगळं होतं. दुसऱ्या गटाला नुसती माहितीपत्रकं. वर्षभरात बलात्काराला सामोरं जावं लागलेल्या मुली दुसऱ्या गटात ९.८ टक्के होत्या, कोर्स केलेल्यांत ५.२ टक्के. म्हणजे धोका शून्य झाला नाही, पण निम्म्याच्या जवळपास खाली आला. आणि हो, पत्रकवाला गट मागे पडला हे लक्षात घ्या, तुमच्या हातात आत्ता पत्रकच आहे, हे वाचून क्लास झाला असं समजू नका!

अंगाला काय शिकवतो

फार कमी गोष्टी शिकवतो आणि त्याच त्याच पुन्हा करून घेतो, काहीजणी कंटाळतात पण त्याला कारण आहे. घाबरलं की अंगात अ‍ॅड्रेनलिन उसळतं, छाती धडधडते, हात थरथरतात, आजूबाजूचं दिसेनासं होतं, कधी ऐकूही कमी येतं, अशा वेळी फोनचा पासवर्ड टाकता येत नाही तिथे पाच स्टेप्सचा डाव कुठून आठवणार. म्हणून मोठ्या, ढोबळ हालचाली.

मनगट धरलं तर ओढाओढी करायची नाही. पकडीत चार बोटं एका बाजूला आणि अंगठा एकटा दुसऱ्या बाजूला असतो, तीच फट, हात त्या अंगठ्याच्या दिशेने वळवून कोपर पुढे घालत झटक्यात काढायचा. मुठीने मारू नका असं आम्ही सांगतो, कारण सवय नसलेल्या मुठीने कवटीवर मारलं तर करंगळीच्या मागचं हाड मोडायची भीती असते, तळहाताचा खालचा जाड भाग वापरा, नाकावर, हनुवटीवर. अगदी जवळ आला तर कोपर आणि गुडघा. मागून केस धरले तर दोन्ही हातांनी त्याचा हात आपल्याच डोक्यावर घट्ट दाबून धरायचा, मग ओढ कमी बसते आणि वळता येतं. किल्ल्या बोटांच्या फटीत धरून मारायची जी आयडिया सगळीकडे फिरते ती आम्हाला पटत नाही, फटका बसला की किल्ली आपल्याच बोटांत रुतते.

गळा आवळणं हा विषय वेगळा आणि गंभीर आहे. मानेच्या दोन्ही बाजूच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या तर दहा-एक सेकंदात शुद्ध जाऊ शकते. हनुवटी खाली, खांदे वर, आणि पहिल्याच क्षणी हालचाल, यावर अख्खं एक सेशन असतं. कोणी कधी गळा दाबला असेल, अगदी घरच्याने आणि "सहज रागाच्या भरात" असला तरी, बाहेरून वळ दिसला नाही तरी डॉक्टरकडे जाच, आतली सूज किंवा इजा नंतर त्रास देऊ शकते. शिवाय हे एकदा झालं तर पुढच्या वेळी जिवावर बेतायचा धोका खूप वाढतो, तेव्हा विश्वासातल्या कोणाला तरी सांगाच.

हातपाय गोठले तर

हे मुद्दाम लिहितोय कारण काहीजणी आमच्याकडे जुनं काहीतरी मनात घेऊन येतात आणि पहिलं वाक्य असतं "मी तेव्हा काहीच केलं नाही." स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर मदत केंद्रात आलेल्या २९८ बायकांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातल्या ७० टक्के जणींनी सांगितलं की अंग लुळं पडल्यासारखं झालं, हलताच आलं नाही. ही शरीराची आपोआप होणारी प्रतिक्रिया आहे, संमती नाही आणि भित्रेपणाही नाही. सरावाने गोठलेपणातून लवकर बाहेर यायची शक्यता वाढते, पण गॅरंटी आम्ही देत नाही, जो देतो त्याच्याकडे जाऊ नका. आणि कधीकधी जीव वाचवायला गप्प राहणं हाच शहाणपणा असतो, तो निर्णय त्या क्षणी तिचा, बाकीच्यांनी नंतर बसून मार्क द्यायचे नाहीत.

पेपर स्प्रे, म्हणजे डोळ्यात मारायचा तिखट फवारा, घ्यावा का हे फार विचारतात. घ्या, पण आधी तुमच्याकडे कायद्याने चालतो का बघा, एक्सपायरी बघा, वारा आपल्याकडे येत असेल तर तो आपल्याच डोळ्यात जातो हे ध्यानात ठेवा, आणि बॅगच्या तळाशी ठेवलेला स्प्रे म्हणजे नसल्यातच जमा. त्यापेक्षा फोनची सेटिंग आजच करा. बऱ्याच फोनमध्ये बाजूचं बटण पाच वेळा पटापट दाबलं की एसओएस, म्हणजे तातडीच्या मदतीची हाक, सुरू होतं, पण काही फोनमध्ये ते आधी चालू करावं लागतं. लोकेशन कोणाकोणाशी शेअर आहे तेही तपासा, नको त्या माणसाकडे चालू राहिलेलं असतं. फक्त घरातल्याच कोणाची भीती असेल तर बंद करायच्या आधी विचार करा, त्याला लगेच कळतं, अशा वेळी आमच्याशी किंवा मदत केंद्राशी दुसऱ्याच्या फोनवरून बोला.

येताना

रोज जे घालून बाहेर पडता तेच घालून या, ट्रॅकपँटमध्ये शिकलेलं रोजच्या कपड्यात जमतं का हे कळायला हवं. नखं कापलेली, दागिने घरी, पाण्याची बाटली. पाठीचं, गुडघ्याचं, बीपीचं काही असेल, दिवस गेले असतील तर आधी सांगा, त्याप्रमाणे ड्रिल बदलतो. सरावातल्या जोडीदारणीला हाताने दोनदा थोपटलं की ती तिथल्या तिथे सोडणार, हा नियम कोणीही मोडला तर त्या दिवशी मॅटबाहेर. अंगाला हात लावायच्या आधी ट्रेनर विचारणार, तुम्ही नको म्हणालात तर का ते विचारणार नाही. मधेच बाहेर जाऊन बसावंसं वाटलं तर बसा, रडू आलं तरी चालतं, येतं बऱ्याचजणींना.

आणि किती दिवसात होतं, तर बेसिक बॅच ८ सेशनची, दीड दीड तास, १६ वर्षांच्या पुढे कोणीही. मग दर तीन महिन्यांनी एकदा रिफ्रेशरला या, नाहीतर हात विसरतात. पहिल्या सेशनला मैत्रीण, बहीण, सासू, कोणालाही बरोबर आणलंत तरी चालेल, नुसती बघायला आलेली कोपऱ्यात बसून राहते आणि तासाभराने तीच सगळ्यात मोठ्याने ओरडत असते.