पितळेच्या भावात मिळालेली मोर्स की

बेळगावातल्या एका मोडीवाल्यानं ती मला वजनावर दिली. काट्यावर पाऊण किलो भरली. त्यात बरंच वजन खालच्या शिसवी पाटाचं. लाकडालाही त्यानं पितळेचाच भाव लावला, पण मी गप्प बसलो. ती काय वस्तू आहे हे त्याला कळलं असतं तर सौदा त्या भावात झालाच नसता.

तशी चीज साधी. मधोमध टेकू असलेला दांडा, एका टोकाला बोटांनी दाबायची काळी मूठ, दांडा वर उचलून धरणारी स्प्रिंग आणि मूठ दाबली की एकमेकींना टेकणाऱ्या दोन छोट्या टिकल्या. थोडक्यात, टिंबं आणि रेघांनी अक्षरं पाठवायचा एक स्विच. १८४४ साली मोर्सनं वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तार पाठवली, तेव्हापासून या कल्पनेत मूलभूत असा फरक पडलेला नाही. आपल्याकडे तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, तरी हॅम मंडळी, म्हणजे परवाना घेऊन हौसेनं रेडिओ संदेश पाठवणारे लोक, ही की अजून वापरतात.

घरी आणली, ब्रासोनं चकचकीत केली (हे करायला नको होतं, जुना रंग गेला तो गेलाच) आणि माझ्या रेडिओ संचाला जोडली. तर अक्षरं फाटायला लागली. 'बी' म्हणजे एक रेघ आणि तीन टिंबं. त्यातलं एक टिंब गळलं की समोरच्याला 'डी' ऐकू येतो. मला वाटलं, हात बिघडला. बिघडल्या होत्या टिकल्या.

टिकल्या चांदीच्या, आणि हवेतल्या गंधकामुळे चांदीवर काळी पुटी चढते. खानापूरकडून येणारा आपला पावसाळा म्हटल्यावर दमटपणाही भरपूर. ही पुटी केसाच्या शंभराव्या भागाहूनही पातळ, पण विजेला अडवायला पुरेशी. मग जुन्या काळी ती का नडली नाही? कारण तारेच्या वाहिनीत बॅटऱ्यांची रांग असे. डझनावारी व्होल्टच्या त्या दाबापुढे पुटी फुटायची, आणि टिकल्या सुटताना उडणारी बारीक ठिणगी उरलीसुरली घाण जाळून टाकायची. की वापरता वापरता आपोआप साफ होत राही. माझा आजचा संच कीमधून जेमतेम ५ व्होल्ट आणि अर्धा मिलिअँपिअर सोडतो. एवढ्याशा विजेत पुटी फोडायची ताकद नाही. तगड्या प्रवाहासाठी घडवलेली की नाजूक प्रवाहावर अडखळते ती अशी.

उपाय फुकटचा आहे. साध्या कागदाची पट्टी स्पिरिटात बुडवायची, टिकल्यांमध्ये धरायची, मूठ हलकी दाबायची आणि पट्टी ओढून घ्यायची. कागदावर काळी रेघ उमटते; ती उमटायची थांबेपर्यंत ओढत राहायचं. पॉलिश पेपरला मात्र हात लावू नका. त्याचे ओरखडे पुढच्या पुटीला आयतं घर देतात.

दुसरी अडचण स्क्रूची. एक स्क्रू गायब होता. दुकानातला ४ मिलिमीटरचा आत जाईना. कीवर बीए, म्हणजे ब्रिटिश असोसिएशन या जुन्या मापाचे आटे निघाले. त्यांचा कोन साडेसत्तेचाळीस अंशांचा, आपल्या मेट्रिक आट्यांचा साठ. जबरदस्तीनं फिरवला असता तर पितळेतले आटे कायमचे गेले असते. शेवटी उद्यमबागेतल्या एका टर्नरनं लेथवर नवा कातून दिला. पैसे विचारले तर म्हणाला, "चहा पाज की, पुरे."

यानंतर ताल. एक रेघ म्हणजे तीन टिंबांएवढा वेळ. अक्षराच्या आतली फट एका टिंबाची, दोन अक्षरांमधली तिनाची, दोन शब्दांमधली साताची. मिनिटाला १२ शब्दांच्या वेगात एक टिंब सेकंदाच्या दहाव्या भागात उरकावं लागतं. त्यासाठी टिकल्यांमधली फट पोस्टकार्डाच्या जाडीएवढी ठेवली की माझा हात जमतो. इतका खटाटोप कशाला, तर रेडिओवर बोलण्याला सुमारे अडीच हजार हर्ट्झ रुंदीची फ्रिक्वेन्सीची पट्टी लागते, मोर्सला दीडशेच्या आसपास पुरते. पट्टी अरुंद ठेवली की तिच्यातून आत येणारी खरखरही कमी. म्हणून बोललेलं कळत नाही अशा गोंगाटातही मोर्सचे सूर वेचून घेता येतात.

एक सावधगिरी: जुन्या व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) संचांत कधी कधी कीच्या उघड्या पितळेवरच शेकडो व्होल्ट असतात. जुनी की जुन्या संचाला जोडण्याआधी मीटर लावा.

लोंढ्याला रेल्वेच्या तारखात्यात नोकरी केलेले एक काका आमच्या गल्लीत राहतात. मोठ्या ऐटीत त्यांना 'बेळगाव' पाठवून दाखवलं. स्पीकरमधून सुरेल पीं-पीं. काका कोरे.

"ती पिपाणी बंद कर बघू आधी."

आवाज बंद केला आणि पुन्हा तेच पाठवलं. आता उरली फक्त कीची खटखट. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तारऑफिसात सूर नसायचाच, असायचं कट्ट-कडकट्ट. दांडा खाली आपटतो तो एक आवाज, वर परततो तो जरा वेगळा. दोहोंमध्ये थोडा वेळ गेला तर टिंब, जास्त गेला तर रेघ. मी सुराची लांबी ऐकायला शिकलो होतो, काका दोन ठोक्यांमधली शांतता ऐकत होते.

"बेळगाव म्हणतोयस. पण 'जी' तुटला बघ तुझा."

मग त्यांनी आत हाक मारून चिवड्याचा रिकामा पत्र्याचा डबा मागवला, उपडा ठेवला, त्यावर की मांडली आणि बाह्या सारल्या. डब्याच्या पोकळीनं ठोका असा काही घुमायला लागला, की स्वयंपाकघरातून आई विचारायला आली, कोण काय ठोकतंय म्हणून.