जन्मदाखल्यात चूक आहे? अर्जाआधी रजिस्टर बघा

आईचं नाव चुकलंय, आडनावाचं स्पेलिंग भलतंच आलंय, बाळ रात्री बारानंतर झालं आणि तारीख आदल्या दिवसाची पडलीय. जन्मदाखल्यातल्या चुका बहुतेक अशाच असतात. दुरुस्ती होते, पण अर्ज जिथे जन्म झाला तिथेच करावा लागतो. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत. त्यामुळे कुटुंब राहतं पुण्यात आणि नोंद बार्शीत, असं सर्रास आढळतं. अशा वेळी पुणे महापालिकेत खेटे घालून उपयोग नाही. खेड्यात ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक), शहरात नगरपालिका किंवा महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात आणि मुंबईत संबंधित विभाग कार्यालयात जायचं. मूल अज्ञान असेल तर आई-वडील किंवा पालक अर्ज करतात, सज्ञान व्यक्ती स्वतः करते.

खिडकीवर गेल्यावर पहिलं काम एकच: मूळ रजिस्टरमधली नोंद दाखवायची विनंती करा. रजिस्टरमध्ये बरोबर आहे आणि दाखला टाइप करताना चुकलंय, असं असेल तर काम सोपं. साधा अर्ज, जुना दाखला, ओळखपत्र, बस.

नोंदच चुकीची असेल तर जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 चं कलम 15 लागतं. इथे लोकांचा एक गैरसमज असतो की जुनं खोडून नवं लिहितात. तसं होत नाही. मूळ नोंद तशीच राहते, समासात दुरुस्ती लिहून निबंधक, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद ठेवणारा अधिकारी, सही आणि तारीख टाकतो. लेखनिकाची चूक असेल तर खात्री पटल्यावर तो ती सुधारू शकतो. तारीख किंवा आई-वडिलांचं नाव अशी महत्त्वाची बाब असेल, तर चूक काय आणि खरं काय हे सांगणारं, प्रकरणाची माहिती असलेल्या दोन विश्वासू व्यक्तींचं निवेदन लागतं. बहुतेक ठिकाणी अर्जदाराचं प्रतिज्ञापत्रही मागतात. त्यासाठी स्टॅम्प पेपर लागतो की साधा कागद चालतो, हे विकत घेण्याआधी विचारून घ्या.

जन्म दवाखान्यात झाला असेल तर माहिती दवाखान्यानेच पाठवलेली असते. म्हणून तिथलं पत्र सगळ्यात वजनदार. डिस्चार्ज कार्ड, प्रसूतीच्या नोंदवहीचा उतारा, लसीकरण कार्ड हे जन्माच्या वेळचे कागद जपून ठेवले असतील तर आता कामी येतात. आई-वडिलांच्या नावासाठी त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला, विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि असल्यास भावंडाचा जन्मदाखला जोडा. आधार कार्ड ओळखीपुरतं ठीक, जन्मतारखेचा पुरावा म्हणून त्यावर भिस्त ठेवू नका.

शाळेच्या दाखल्याशी जुळवून घ्यायचं म्हणून जन्मतारीख बदलून मागणारेही बरेच असतात. गुरुजींनी सरसकट 1 जून लावलेली एक अख्खी पिढी आपल्याकडे आहे! पण जन्माची नोंद बरोबर असेल तर ती बदलायचं कारणच नाही, बदलायचा तो दुसरा कागद. पुढे स्वेच्छेने नाव बदललं, गॅझेटमध्ये छापून आणलं, तर तीही नोंदीतली चूक ठरत नाही.

दाखल्यावर बाळाच्या नावाची जागा कोरीच असेल तर ती दुरुस्ती नव्हे, नाव दाखल करणं आहे. त्याला कलम 14 लागतं. नोंदणीपासून 12 महिन्यांत ते विनाशुल्क होतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून.

1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट, मतदारयादी, आधार अशा कामांत जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. तेव्हा या मुलांचा दाखला आधी दुरुस्त करून घ्या, बाकीचे कागद मग काढा.

अर्जाची पोच घ्या. नकार मिळाला तर तो लेखी मागा, कारण या कायद्यातल्या 2023 च्या सुधारणेनंतर निबंधकाच्या आदेशावर 30 दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील करता येतं आणि त्याचा निकाल 90 दिवसांत लागायला हवा. नवा दाखला हातात पडला की खिडकी सोडण्याआधी मराठी आणि इंग्रजी, दोन्ही बाजूंची अक्षरं एकेक करून तपासा.