जोशी, शरद

(२१ मे १९३१ – ५ सप्टेंबर १९९१). हिंदीतील उपरोधिक लेखक, नाटककार, पटकथा-संवादलेखक आणि दूरदर्शनच्या सुरुवातीच्या विनोदी मालिकांचे लेखक. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी हे वेगळे. नामसाम्यामुळे मराठी वाचकाची गल्लत होऊ शकते.

त्यांचा जन्म उज्जैनचा आणि शिक्षण इंदूरच्या होळकर महाविद्यालयातले. मध्य प्रदेश शासनाच्या माहिती खात्यातील नोकरी सोडून त्यांनी केवळ लेखनावर चरितार्थ चालवला. सरकारी कारभाराचे त्यांचे निरीक्षण मात्र पुढे सतत उपयोगी पडले. ‘जीप पर सवार इल्लियाँ’ या गाजलेल्या लेखात हरभऱ्यावरील अळीची पाहणी करायला आलेले अधिकारी परतताना जीपमध्ये हरभराच भरून नेतात, आणि खरी अळी कोणती हे लेखकाला वेगळे सांगावे लागत नाही. ‘एक था गधा उर्फ अलादाद खाँ’ आणि ‘अंधों का हाथी’ ही त्यांची नाटके सत्ताधाऱ्यांवर याच पद्धतीने, आवाज न चढवता, वार करतात. कविसंमेलनात कवींच्या रांगेत बसून गद्य वाचावे आणि श्रोते जिंकावेत, हा प्रकारही त्यांचाच. ऐकणाऱ्याच्या कानाला वाक्य कसे लागते, याची ही तालीम त्यांना दूरचित्रवाणीसाठी फार मोलाची ठरली असावी.

१९८४ मध्ये दूरदर्शनवर ‘ये जो है जिंदगी’ सुरू झाली. कुंदन शाह यांच्यासह काही दिग्दर्शकांनी केलेल्या या मालिकेत रणजित आणि रेणू हे मध्यमवर्गीय जोडपे (शफी इनामदार, स्वरूप संपत), त्यांच्याकडे राहणारा रेणूचा भाऊ राजा (राकेश बेदी) आणि जवळजवळ प्रत्येक भागात नव्या रूपात येणारे सतीश शाह, एवढ्या सामग्रीवर दर आठवड्याला स्वतंत्र गोष्ट रचली जाई. त्याच वर्षीची ‘हम लोग’ एका कुटुंबाची कथा पुढे पुढे नेत होती. इथे मात्र प्रत्येक भागात प्रसंग उभा करून त्याच भागात तो मिटवावा लागे. इंदूरच्या ‘नई दुनिया’पासून वृत्तपत्री सदरे लिहीत आलेल्या जोशींना ही मर्यादा परकी नव्हती. नटांना घराघरांत ओळख मिळाली, लेखकाचे नाव मात्र थोड्यांच्याच लक्षात राहिले. ‘वाह जनाब’सह आणखी काही मालिकांचे लेखनही त्यांनी केले.

‘छोटी सी बात’, ‘उत्सव’ आणि ‘दिल है कि मानता नहीं’ या चित्रपटांचे संवादही त्यांचेच. मुंबईत असताना ‘नवभारत टाइम्स’मध्ये ‘प्रतिदिन’ हे सदर त्यांनी १९८५ पासून अखेरपर्यंत चालवले. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांच्या निधनानंतर अश्विनी धीर यांनी त्यांच्या कथांवरून ‘लापतागंज’ ही मालिका २००९ मध्ये सब वाहिनीवर आणली. दाखवण्यात आलेले ते गाव काल्पनिक असले, तरी तिथल्या सरकारी कामांची गती जोशींच्या लेखांतलीच होती.