'डाउनवर्ड स्पायरल' वेगळा, 'फर्दर डाउन' वेगळा

नाइन इंच नेल्स या अमेरिकन रॉक बँडचा सर्वांत भारी अल्बम कोणता, या वादात कोणीतरी 'फर्दर डाउन द स्पायरल' मधे आणतोच. एक म्हणतो, हा 'द डाउनवर्ड स्पायरल'चा दुसरा भाग. दुसरा म्हणतो, "तेच गाने हाय बावा, ठोका वाढवला फक्त." दोन्ही चूक, आणि हे ऐकून माझे कान किटलेत.

'द डाउनवर्ड स्पायरल' तुम्हाला पाठच असेल: 1994, बँडचा कर्ताधर्ता ट्रेंट रेझनर, 14 गाणी, शेवटी 'हर्ट'. ते अमेरिकन गायक जॉनी कॅशचं नाही, त्यानं 2002 मध्ये गायलं. 'फर्दर डाउन' 1995चा, त्यातल्या गाण्यांच्या रिमिक्सचा.

घोळ 'रिमिक्स' या शब्दातच आहे. आपल्याकडे वरातीत धुमाल असो की डीजे, चाल तीच राहते, ठोका जड होतो. गाणं लगेच ओळखू आलं नाही तर पोरं नाचतील कशी? तोच कान घेऊन 'फर्दर डाउन' ऐकला की माणूस वैतागतो, कारण इथं गाणं सजवलेलं नाही, मोडलेलं आहे. जिनिंगमध्ये कापूस गेला की रुई एकीकडे आणि सरकी दुसरीकडे पडते. आपण रुई शोधत बसतो. रिमिक्स करणाऱ्या कॉइल आणि फीटस यांनी सरकी उचललेली असते. इलेक्ट्रॉनिक संगीतवाल्या एफेक्स ट्विनच्या तुकड्यात तर मूळची एकही ओळखीची ओळ मला सापडत नाही. मूळ अल्बमचं 'मिस्टर सेल्फ डिस्ट्रक्ट' तीन तऱ्हांनी तीनदा येतं.

मूळ अल्बमचं असं नाही. तिथं क्रम हाच जीव आहे. माझ्या मेमरी कार्डात तालुक्याच्या दुकानातून दोन्ही अल्बम एकाच फोल्डरमध्ये भरून आले होते, एबीसीडीच्या क्रमानं. 'हर्ट' मधेच कुठंतरी. 'फर्दर डाउन'मधे निर्माता रिक रुबिननं केलेल्या 'पिगी'च्या रिमिक्समधली गिटारवादक डेव्ह नवारोची गिटार मी वर्षभर मूळ अल्बमची समजत होतो. मूळ 'पिगी'च्या शेवटी खुद्द रेझनरनं बेभान ड्रम वाजवलेत. मग हरभऱ्यात रानडुकरांच्या जागलीला बसून मूळ अल्बम क्रमानं ऐकला. 'क्लोजर' संपताना पियानोवर एक ओळ अर्ध्या-अर्ध्या स्वरानं खाली उतरते; अल्बमच्या नावाच्या गाण्यात तीच गिटारवर परत आली, तेव्हा बॅटरी बाजूला ठेवून मी ते गाणं पुन्हा लावलं.

म्हणून सर्वोत्तम अल्बमच्या वादात फक्त 'द डाउनवर्ड स्पायरल' धरा. माझ्या मते तोच पहिला, याच बँडचा 'द फ्रॅजाइल' त्याच्या मागे. 'फर्दर डाउन'ची बरोबरी बँडच्याच रिमिक्सवाल्या 1992च्या 'फिक्स्ड'शी आणि 2000च्या 'थिंग्ज फॉलिंग अपार्ट'शी करा. त्या तिघांत तो अव्वल. आणि भांडायच्या आधी समोरच्याला विचारा, तुझ्याकडे अमेरिकेतली आवृत्ती आहे की ब्रिटनमधली. दोन्हींतली गाणी सारखी नाहीत.