चिनी जहाजावर ड्युटी लावली की झालं?

बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, चहाच्या गाड्यावर कधीपासून ऐकतोय, चीनच्या स्वस्त जहाजांवर अँटी-डंपिंग ड्युटी (म्हणजे फार स्वस्तात आलेल्या परदेशी मालावरचा जादा कर) ठोका की आपले जहाज बांधणारे यार्ड वाचले. तसं नसतंय ओ. फाउंड्रीत ओतलेल्या कास्टिंगसारखं जहाज बंदरात उतरून देशात विकायला येत नाही, मालक ते पनामा नाहीतर लायबेरियात रजिस्टर करतो आणि तेच जहाज मुंबईला माल घेऊन येतं, मग ड्युटी लावणार कुठं? म्हणून तर सरकार उलट्या बाजूनं यार्डलाच पैसे देतंय, 2016 च्या स्कीममध्ये सुरुवातीला जहाजाच्या किमतीच्या 20 टक्के मदत होती, सप्टेंबर 2025 ला 69,725 कोटींचं पॅकेज मंजूर झालं. खरी अडचण वेगळीच, स्वस्त कर्ज आणि ऑर्डरी. चीनमध्ये सरकारी बँकाच पाठीशी, त्यात तिथं जगातली निम्म्याहून जास्त जहाजं बनतात, आपली एक टक्का पण नाहीत.