नावेतला शीण आणि दारूचा अंमल

मे महिन्यात रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर दुपारभर नावेत बसून परतलेला माणूस धक्क्यावर पाय ठेवताना बहुधा डगमगतो. त्याचे डोळे तांबारलेले असतात, बोलणे तुटक झालेले असते आणि हाक मारल्यावर उत्तर क्षणभर उशिराने येते. आमच्या मामाजींची अशी अवस्था पाहून काठावरच्या एकाने "काय जी, दुपारीच घेतली का?" असे विचारले होते, पण मामाजींनी लिंबाच्या सरबताखेरीज काहीही घेतलेले नव्हते. त्याच दिवशी दुसऱ्या नावेतून एक तरुण तशाच झोकांड्या देत उतरला, तेव्हा मात्र त्याच्या मित्रांनी "याला ऊन लागलं" असे सांगून त्याला झाडाखाली आडवे केले, आणि तोंडाचा वास हातभर अंतरावर येत असूनही कोणी त्याविषयी बोलले नाही. शीण आणि नशा यांची ही गल्लत दोन्ही बाजूंनी होते, पण दुसऱ्या बाजूची गल्लत जिवावर बेतू शकते.

नावेतला शीण हा खराच असतो, तो मनाचा खेळ नव्हे. इंजिनाचा एकसुरी आवाज, फळीतून अंगात शिरणारी थरथर, पाण्यावरून उसळणारी तिरीप, गरम वारा आणि तोल सावरण्यासाठी स्नायूंना सतत करावी लागणारी बारीकसारीक हालचाल, या सर्वांचा भार एकत्र पडतो. अमेरिकेचे तटरक्षक दल नावाड्यांना जो इशारा देते त्यानुसार, अशा वातावरणात 4 तास घालवलेल्या माणसाची प्रतिक्रिया देण्याची गती कायद्याने नशेत ठरणाऱ्या माणसाइतकीच जवळजवळ मंदावते. पारा 45 अंशांवर जाणाऱ्या नागपूरच्या उन्हाळ्यात घामावाटे पाणी जाते ते वेगळेच. तरीही हा शीण उतरण्याचा मार्ग सरळ आहे: सावली, पाणी, थोडे मीठ-साखर आणि विश्रांती.

दारूचा अंमल बाहेरून असाच दिसत असला, तरी शरीरात तो निराळ्या मार्गाने काम करतो. मद्यार्क लहान मेंदूच्या कामात ढवळाढवळ करतो आणि कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकांतही शिरतो. तेथील संवेदक पडदा भोवतालच्या द्रवापेक्षा हलका झाल्यामुळे माणूस स्थिर असतानाही मेंदूला फिरल्याचा निरोप मिळतो. जमिनीवर याचा परिणाम खाट फिरल्यासारखी वाटण्यापुरता असतो. गढूळ पाण्यात पडलेल्याला मात्र वर कुठे आणि खाली कुठे हेच कळेनासे होऊ शकते, आणि मग पोहता येणारा माणूसही चुकीच्या दिशेला हातपाय मारू लागतो. दारूने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून अंगात ऊब आल्याचा भास होतो आणि प्रत्यक्षात थंड पाण्यात शरीराची उष्णता वेगाने निघून जाते. लघवी रोखून धरणारे संप्रेरक दबल्यामुळे लघवीला वारंवार लागते. हे ऐकायला क्षुल्लक वाटते, परंतु लहान नावेत काठाशी उभे राहून बाहेर वाकलेला पुरुष हे बुडण्याच्या घटनेचे अगदी नेहमीचे चित्र आहे.

माझ्या मते या दोन अवस्थांतील सर्वांत मोठा फरक तोलात नसून विचारशक्तीत आहे. शिणलेला माणूस बसायला जागा शोधतो, तर प्यालेल्याला उभे राहण्याची हुक्की येते. त्याला फोटो काढायचा असतो, शेजारच्या नावेतील मित्राला बाटली द्यायची असते किंवा लाइफ जॅकेट टोचते म्हणून त्याचे बक्कल सोडायचे असते. उभ्या माणसामुळे नावेचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि तेवढ्यात दुसरा कोणी त्याच कडेला सरकला, तर अरुंद डोंगा उलटायला लाट यावी लागत नाही.

मग काठावर उभे राहून ओळखायचे कसे? चालीवरून ओळखता येत नाही, कारण नावेतून नुकत्याच उतरलेल्या शुद्धीतील माणसाचेही पाय लटपटतात. अमेरिकेतील जलपोलीस म्हणूनच एका रेषेत चालायला न लावता माणसाला बसवून तपासतात. बोटाने नाकाचा शेंडा टेकवायला लावणे, तळहातावर दुसरा हात आलटून पालटून उलटसुलट आपटायला लावणे आणि डोळ्यांसमोरून आडव्या नेलेल्या पेनाकडे पाहताना बुबुळे झटके देतात का हे न्याहाळणे, अशा त्या चाचण्या आहेत. घरगुती पातळीवर वेळ हीच चाचणी: सावलीत अर्धा-पाऊण तास बसून पाणी प्यायल्यावर शिणलेला माणूस तरतरीत होतो, प्यालेला होत नाही. मात्र अंग तापून निघाले असेल आणि माणूस असंबद्ध बोलत असेल, तर वास येवो न येवो, उष्माघात समजून अंगावर पाणी ओतत त्याला दवाखान्यात न्यावे. दारू प्यालेल्यालाही उष्माघात होतो, किंबहुना लवकर होतो.

कारण शीण आणि नशा या दोन गोष्टी एकमेकींची जागा घेत नाहीत, त्यांची बेरीज होते. घरी दोन पेग सहज पचवणारा माणूस त्याच दोन पेगांनी नावेत डळमळतो, आणि आपल्याला किती चालते याचा घरातला हिशेब तो येथेही बिनदिक्कत लावतो.

वल्हे मारणारा शुद्धीत असला म्हणजे झाले, हा समज मोटारीवरून उचललेला आहे. मोटारीतला प्रवासी डुलकी घेतो तेव्हा मोटार कलंडत नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी अमेरिकेतील दोन राज्यांमधील नौकाविहारातले मृत्यू तपासून 2001 साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दारूमुळे वाढणारा मृत्यूचा धोका नाव चालवणाऱ्याला आणि प्रवाशाला सारखाच आढळला, आणि नाव चालू होती की थांबलेली यानेही फरक पडला नाही. 100 मिलिलिटर रक्तात अवघे 10 मिलिग्रॅम मद्यार्क असतानाच धोका वाढू लागला होता. 250 मिलिग्रॅमला तो न प्यालेल्याच्या सुमारे 50 पट झाला होता. आपल्या मोटार वाहन कायद्याचे कलम 185 रस्त्यावरील चालकासाठी 30 मिलिग्रॅमची मर्यादा घालते, म्हणजे रस्त्यावर सहीसलामत सुटणारा माणूस पाण्यावर धोक्याच्या पट्ट्यात केव्हाच शिरलेला असतो.

सर्वांत चिवट गैरसमज उताऱ्याविषयी आहे. शिणावर गुणकारी ठरणारे सरबत, डोक्यावर पाणी आणि झोप हे उपाय दारूवर चालत नाहीत. ते प्यालेल्याला जागे करतात, शुद्धीवर आणत नाहीत. यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम मद्यार्क निकालात काढते आणि सावजी रस्सा ओरपल्याने त्याची घाई वाढत नाही. 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीच्या 60 मिलिलिटरच्या एका पेगात सुमारे 20 ग्रॅम मद्यार्क असतो. "फक्त बिअरच घेतली" असे म्हणणाऱ्याने बाटलीवरचे लेबल वाचावे: 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिलिलिटरमध्ये सुमारे 41 ग्रॅम, म्हणजे तशा दोन पेगांएवढाच मद्यार्क असतो. ती बाटली दुपारी 12 वाजता मटण शिजत असताना संपवली आणि जेवून, तासभर झोप काढून 3 वाजता नावेत पाऊल टाकले, तर तिच्यातला तिसऱ्या हिश्शाहून अधिक मद्यार्क तेव्हाही अंगात असू शकतो आणि तो पूर्ण उतरेपर्यंत 4 ते 6 वाजू शकतात.