पीएलसी निवडण्याआधी पॅनेलचा हिशेब

मशीन बंद पडलं की पहिला संशय पीएलसीवर, म्हणजे प्रोग्रॅमप्रमाणे मशीन चालवणाऱ्या छोट्या औद्योगिक संगणकावर जातो. पॅनेलचं, म्हणजे तो आणि त्याचं वायरिंग ज्या पेटीत असतं तिचं, दार उघडून पाहावं तर पीएलसी बहुधा शाबूत असतो. एखाद्या टर्मिनलचा स्क्रू सैल झालेला असतो, २४ व्होल्टचा सप्लाय बसलेला असतो, नाहीतर पेटीच्या आतलं तापमान साठीच्या पुढे गेलेलं असतं. म्हणून कुठल्या कंपनीचा पीएलसी चांगला या वादात शिरण्यापेक्षा, तो ज्या पेटीत राहणार आहे तिचा हिशेब आधी मांडलेला बरा.

पीएलसी जन्माला आला तोच मुळी रिलेंच्या, म्हणजे कॉइलने ओढल्या जाणाऱ्या स्विचांच्या, जंजाळातून सुटका हवी म्हणून. गाडीचं मॉडेल बदललं की कारखान्यातल्या ढीगभर रिलेंचं वायरिंग उसवून पुन्हा करावं लागे. १९६८ साली जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने या रिलेंच्या जागी बसेल असं, प्रोग्रॅम बदलता येणारं उपकरण मागितलं. डिक मॉर्ली आणि त्यांच्या बेडफर्ड असोसिएट्समधल्या सहकाऱ्यांनी जो कंट्रोलर बनवला त्याचं नाव मॉडिकॉन ०८४. तो त्यांचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प होता, म्हणून ०८४. पीएलसीचा प्रोग्रॅम लिहायची लॅडर भाषा रिलेच्या ड्रॉइंगसारखी दिसते ती मुद्दामच. इलेक्ट्रिशियनला ती पहिल्या दिवसापासून वाचता यावी हा हेतू होता.

निवडीला सुरुवात करायची ती इनपुट-आउटपुटच्या यादीपासून. पीएलसीकडे येणारे सिग्नल ते इनपुट, त्याने बाहेर दिलेले हुकूम ते आउटपुट. समजा तीन पंप आहेत. प्रत्येकाला स्टार्ट, स्टॉप, ऑटो-मॅन्युअल स्विच, ओव्हरलोड ट्रिप (जादा भाराने मोटर बंद झाल्याची खबर) आणि कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा मोठा स्विच) खरोखर ओढला गेला हे सांगणारा फीडबॅक असे ५ इनपुट, म्हणजे १५. टाकीतले ४ फ्लोट स्विच आणि इमर्जन्सी स्टॉपची खबर देणारा १ धरून २० झाले. आउटपुटमध्ये प्रत्येक पंपाचा कॉन्टॅक्टर, रन दिवा आणि ट्रिप दिवा असे ९, आणि एक हूटर, एकूण १०. प्रेशर आणि लेव्हलचे २ अॅनालॉग (चालू-बंद नव्हे, तर कमी-जास्त होणारं माप देणारे) इनपुट वेगळे. यावर २० टक्के मोकळे ठेवले की २४ आणि १२ लागतात; २४ इनपुट, १६ आउटपुटचा पीएलसी आणि ४ चॅनेलचं अॅनालॉग मॉड्यूल घेतलं की भागतं. खर्च कमी करायचा म्हटलं की पहिली कात्री फीडबॅकच्या तीन इनपुटांवर चालते. मग कॉन्टॅक्टरची कॉइल जळालेली असते, प्रोग्रॅमला मात्र पंप चालू आहे असंच वाटत राहतं.

आउटपुट रिलेचा घ्यायचा की ट्रान्झिस्टरचा, म्हणजे हलता भाग नसलेल्या इलेक्ट्रॉनिक स्विचचा? रिले एसी-डीसी दोन्ही चालवतो, साधारण २ अँपिअरपर्यंत, म्हणून सोयीचा वाटतो. पण त्याचा कॉन्टॅक्ट झिजतो. पूर्ण लोडवर १ लाख उघडझापांच्या आसपास त्याचं आयुष्य धरावं. पंप तासाला चारदा सुरू होत असेल तर हा आकडा गाठायला जवळजवळ तीन वर्षं लागतात. तोच रिले दर ५ सेकंदांनी एखादा व्हॉल्व्ह उघडत असेल तर दिवसाला १७,२८० उघडझापा होतात आणि सहाव्या दिवशीच लाख उलटतो. अशा ठिकाणी ट्रान्झिस्टर हवा. तो फक्त डीसी चालवतो, सहसा अर्धा अँपिअर, पण झिजत नाही. कॉन्टॅक्टरसाठी ट्रान्झिस्टर आउटपुटपुढे सॉकेटमधला छोटा रिले लावावा. खराब झाला तर उपटून नवा बसवता येतो, पीएलसीला हात लावावा लागत नाही.

वेगाचंही असंच. पीएलसी इनपुट वाचतो, प्रोग्रॅम चालवतो, आउटपुट बदलतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. ही फेरी १० मिलिसेकंदांची असेल तर ५ मिलिसेकंदांचा पल्स त्याच्या नजरेतून सुटू शकतो. एका फेऱ्याला १००० पल्स देणारा एन्कोडर (फिरणं मोजणारा सेन्सर) मिनिटाला ६०० फेरे फिरला की सेकंदाला १०,००० पल्स येतात. ते साध्या इनपुटवर मोजले जाणारच नाहीत, त्यासाठी हायस्पीड काउंटरचा इनपुट लागतो.

आता पेटीकडे. पॅनेलमध्ये सगळ्यात कमी मोजली जाणारी गोष्ट म्हणजे उष्णता. भिंतीवरची ८०० मिमी रुंद, १००० मिमी उंच आणि ३०० मिमी खोल पत्र्याची पेटी घेऊ. मागची बाजू भिंतीला टेकलेली असल्याने उष्णता बाहेर टाकायला तिचं परिणामकारक क्षेत्रफळ सुमारे २ चौरस मीटर उरतं. रंगवलेला पत्रा दर चौरस मीटरला, तापमानातल्या दर अंश फरकाला सुमारे ५.५ वॅट बाहेर टाकतो, म्हणजे ही पेटी अंशाला ११ वॅट टाकते. आत ७.५ किलोवॅटचा ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) आहे. त्याचा ३ टक्के तोटा धरला तरी २२५ वॅट झाले. एसएमपीएस (२४ व्होल्ट पुरवणारा सप्लाय), कॉन्टॅक्टरच्या कॉइल आणि पीएलसी मिळून आणखी ४५ धरा. २७० भागिले ११, म्हणजे आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा २४-२५ अंशांनी जास्त. बाहेर ४० असेल तर आत ६५! बऱ्याच पीएलसींची मर्यादा ५५ किंवा ६० अंश असते. शिवाय एसएमपीएसमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांमागे ढोबळमानाने निम्मं होतं.

उपाय दोन: मोठी पेटी किंवा पंखा. आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा फक्त १० अंशच वर राहू द्यायचं तर पत्र्यातून ११० वॅट जातात, उरलेले १६० पंख्याने काढायचे. हवेसाठीचा गुणक ३.१ धरून ३.१ गुणिले १६० भागिले १०, म्हणजे तासाला सुमारे ५० घनमीटर हवा. फिल्टर धुळीने भरला की हवा अर्ध्यावर येते, तेव्हा पंखा दुप्पट क्षमतेचा घ्यावा. गरम हवा वर जाते, त्यामुळे ड्राइव्ह खाली आणि पीएलसी बरोबर त्याच्या डोक्यावर ही मांडणी टाळायची. दिसायला ती सुबक दिसते आणि म्हणूनच वारंवार केली जाते.

दुसरं दुखणं २४ व्होल्टचं. १० अँपिअरचा एसएमपीएस आहे आणि त्याच्या पुढे ६ अँपिअरच्या सी-कर्व्ह एमसीबी (करंट जादा झाला की आपोआप पडणारे स्विच) लावल्या आहेत. पॅनेलपासून ५० मीटरवर एका सेन्सरची वायर चेपून शॉर्ट झाली. ही एमसीबी झटक्यात पडायला एसीवरच ३० ते ६० अँपिअर लागतात, डीसीवर त्याहून जास्त. ०.७५ चौरस मिमीच्या वायरचा जाऊन-येऊन १०० मीटरचा रेझिस्टन्स सुमारे २.४ ओहम, २४ व्होल्टवर त्यातून १० अँपिअरपेक्षा जास्त जाणंच शक्य नाही. एमसीबी पडत नाही, एसएमपीएस मात्र आपल्या मर्यादेला टेकतो आणि व्होल्टेज सोडून देतो. पीएलसी रीस्टार्ट होतो, पुन्हा बसतो, पुन्हा रीस्टार्ट होतो. शॉर्ट सेन्सरपाशी आणि ठपका पीएलसीवर! बाहेर जाणाऱ्या प्रत्येक शाखेला १ अँपिअरचा फ्यूज टर्मिनल किंवा इलेक्ट्रॉनिक ब्रेकर लावला, आणि पीएलसीची स्वतःची फीड वेगळी काढली, की हा खेळ थांबतो.

तिसरं दुखणं विजेच्या गोंगाटाचं, म्हणजे सिग्नल बिघडवणाऱ्या झटक्यांचं. डीसी कॉइल बंद होताना उलट्या दिशेने शेकडो व्होल्टचा झटका देते. कॉइलच्या दोन टोकांवर एक उलटा डायोड लावला की तो तिथेच जिरतो. एसी कॉइलला आरसी स्नबर (रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावायचा. ड्राइव्हच्या मोटर केबलपासून सिग्नलच्या वायर १००-२०० मिमी दूर ठेवायच्या आणि ओलांडाव्याच लागल्या तर काटकोनात ओलांडायच्या. रंग दिलेल्या प्लेटवर ड्राइव्ह स्क्रूने घट्ट बसवला तरी रंग मधे इन्सुलेशनचं काम करतो आणि अर्थिंग नीट होत नाही. गॅल्व्हनाइज्ड प्लेट वापरावी किंवा त्या जागेचा रंग खरवडावा.

इमर्जन्सी स्टॉप एकट्या पीएलसीच्या भरवशावर कधीच सोडायचा नाही. ट्रान्झिस्टर आउटपुट खराब होताना बऱ्याचदा शॉर्ट होतो, म्हणजे चालूच राहतो. बटणाचे दोन एनसी (एरवी जोडलेले, दाबल्यावर तुटणारे) कॉन्टॅक्ट सेफ्टी रिलेला जातात आणि तो रिले थेट कॉन्टॅक्टरची कॉइल तोडतो. पीएलसीला फक्त खबर मिळते. साधं स्टॉप बटणही एनसीच घ्यायचं. वायर तुटली तर मशीन थांबलं पाहिजे.

वायरिंगमध्ये एकच आग्रह. मल्टिस्ट्रँड वायरच्या टोकाला फेरूल (धातूची छोटी नळी) क्रिंप करायचा, म्हणजे दाबून बसवायचा, सोल्डर लावून टोक कडक करायचं नाही. सोल्डर स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू पसरतं, पकड सुटते, जोड तापतो. आज घट्ट असलेला स्क्रू काही महिन्यांनी सैल सापडतो तो यामुळे.

सप्लाय देण्याआधी पीएलसी, एसएमपीएस आणि ड्राइव्ह सोडवून पॉवर सर्किटची ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) चाचणी घ्यावी. १ मेगाओहमपेक्षा कमी आलं तर पुढे जायचं नाही. मग मोटरची फीड बंद ठेवून फक्त कंट्रोल सप्लाय द्यायचा. एकजण सेन्सरपाशी, दुसरा लॅपटॉपपाशी, आणि यादीतला एकेक इनपुट हाताने हलवून बघायचा. आउटपुट एकेक करून फोर्स करायचे, म्हणजे प्रोग्रॅमला न जुमानता लॅपटॉपवरून चालू करायचे, झाले की फोर्स काढल्याची खात्री करायची. मोटरला शेवटी फीड द्यायची आणि क्षणभरच फिरवून दिशा पाहायची. थेट कॉन्टॅक्टरवरची मोटर उलटी फिरली तर सप्लाय तोडून दोन फेज बदलायचे ते मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये. पॅनेलच्या आत बदलले तर वायरवरचे नंबर आणि ड्रॉइंग एकमेकांशी जुळेनासे होतात.